खोटे नाव आणि अज्ञातवास : नाव परके असावे की जवळचे?

आडवाट (चर्चाप्रस्ताव)
ज्याला ओळख लपवून राहायचे आहे, मग तो छळापासून सुटू पाहणारा असो, भूमिगत कार्यकर्ता असो वा फरारी गुन्हेगार, त्याने नवे नाव असे घ्यावे की त्याच्या पूर्वायुष्याचा एकही धागा त्यात सापडू नये, असे माझे ठाम मत आहे. अडचण अशी की, माणसाला स्वतःचे काहीतरी मागे ठेवल्यावाचून राहवत नाही. १९२६ साली अकरा दिवस बेपत्ता असताना अगाथा ख्रिस्ती यांनी हॅरोगेटच्या हॉटेलात स्वतःची नोंद ‘नील’ या आडनावाने केली होती, आणि हे आडनाव त्यांचे पती जिच्या प्रेमात पडले होते त्या स्त्रीचे होते. लपण्याच्या घटकेलाही मनातला सल नोंदवहीत उतरलाच.

दशमान
पूर्ण असहमत. परक्या नावाने कोणी हाक मारली की माणूस क्षणभर वळत नाही आणि तेवढ्यावरूनच शंका येते. सही करताना तर हात सवयीने जुन्या वळणावर जातो. अमेरिकेत साक्षीदारांना नवी ओळख देणारी सरकारी योजना १९७० च्या कायद्यानंतर उभी राहिली. तिथेही पहिले नाव किंवा निदान आद्याक्षरे तीच ठेवण्याचा सल्ला दिला जातो, तो उगाच नव्हे.

पडघा
तुम्ही दोघेही नावातच अडकला आहात. ज्यूंच्या हत्याकांडातला नाझी अधिकारी आइकमन युद्धानंतर अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्समध्ये ‘रिकार्डो क्लेमेंट’ म्हणून राहिला; नावात काहीच खोट नव्हती, राहणीही बेताची होती. पण त्याच्या मुलांनी आइकमन हे आडनाव सोडले नाही. थोरल्या मुलाची एका मुलीशी ओळख झाली, तिच्या घरी तो बापाच्या युद्धातल्या कामगिरीविषयी बोलला, आणि त्या मुलीचे वडील स्वतः डाखाऊच्या छळछावणीत राहून आलेले होते. मे १९६० मध्ये आइकमन पकडला गेला. एकट्याने नाव बदलता येते, कुटुंबाला गप्प करता येत नाही.

साक्षी
नजरेत न भरता राहावे, हे तरी सर्वांनी का गृहीत धरले आहे? बोस्नियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी हवा असलेला सर्ब नेता राडोवान कराजिच २००८ मध्ये अटक होईपर्यंत ‘द्रागान दाबिच’ या नावाने पर्यायी उपचार करत होता, पांढरी दाढी आणि लांब केस मिरवत व्याख्याने देत होता. लोक दाढीकडे पाहत राहिले. (त्याच्या कृत्यांबद्दल मला तिरस्कारच आहे, मुद्दा केवळ युक्तीचा आहे.)

आडवाट
पण तोही अखेर सापडलाच. पडघा यांचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो, फक्त त्यात कुटुंबाबरोबर स्वभावही धरावा. विराटपर्वात पांडवांची नावे आणि वेष निर्दोष होते. भीम बल्लव म्हणून स्वयंपाकघरात खपून गेला होता. पुढे कीचक मारला गेला आणि असा वध कोणाच्या हातून होऊ शकतो, याचा अंदाज हस्तिनापुरात बांधता आला.

दशमान
म्हणजे सैरंध्रीचा अपमान भीमाने मुकाट्याने पाहायला हवा होता काय? ज्या अज्ञातवासाची किंमत ही असेल तो मोडलेला बरा, आणि ही गोष्ट नाव निवडण्याच्या कोणत्याही नियमात बसत नाही.