जेवण वाटायला गेलात तेव्हा काय घडलं? अनुभव सांगा

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर पेशंट आणि त्यांचे नातेवाईक महिनोन्‌महिने पथारी टाकून असतात. आम्ही चौघं मित्र पहिल्यांदा गेलो तो रविवार होता. हौसेनं मसालेभात नेला होता, काजूबिजू घालून. एका बाईंनी पाकीट उघडलं, वास घेतला आणि परत दिलं. "भैया, इनके मुँह में छाले हैं." नवऱ्याची किमो चालू होती. त्या बाईंच्या पिशवीत आधीच पुरीभाजीची तीन पाकिटं होती. रविवारी सगळेच येतात, मंगळवारी कुत्रं फिरकत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

आता आम्ही मंगळवारी जातो. मऊ मुगाची खिचडी, मिरची नाही, वाढताना गरम. कापलेली फळं नेत नाही, कारण किमोत पांढऱ्या पेशी उतरतात आणि उघड्या फळाचा संसर्ग बाधतो. सालीची केळी, मोसंबी नेतो.

तुमचेही अनुभव लिहा. फसलेले आधी.

*

पुण्याहून लिहितेय. आमच्या सोसायटीत गुरुवारी घरटी दहा पोळ्या निघतात. पहिल्या आठवड्यात गरम पोळ्या तशाच पिशवीत बांधल्या. स्टेशनला पोचेपर्यंत घाम सुटून त्यांचा एक गोळा झाला होता. आता आधी कापडावर पसरून गार करतो. वर्तमानपत्रात गुंडाळणं बंद केलं, शाई अन्नाला लागते. उन्हाळ्यात भाजीत ओलं खोबरं नाही, कांदा नाही.

तिथे एक आजोबा असतात. एकदा म्हणाले, "रोज बटाटाच का हो, बाई?" मला राग आला, खोटं कशाला बोलू. घरी येईपर्यंत धुसफुसत होते. मग आठवलं की सलग दोन दिवस बटाटा झाला तर मीच नाक मुरडते. पुढच्या गुरुवारी मेथी नेली. आजोबा म्हणाले, "मीठ कमी आहे."

*

नागपूर. मे महिना, दुपारी दोनची वेळ, पारा ४५ च्या आसपास. सीताबर्डीला एका माणसाले पुरीभाजी दिली, तर तो म्हणे, "भाऊ, जेवलो मी. चप्पल असन तं दे ना." पाय पाह्यले त्याचे, डांबरावर चालून चालून फोडं आलेले. माझ्याजवळ पुऱ्यांचे चाळीस डब्बे अन् चप्पल फक्त पायातली. देल्ली. गाडीवर अनवाणी घरी आलो, तेवढ्यातही ब्रेकवर पाय टेकवत नव्हता. आता उन्हाळ्यात आम्ही पाणी अन् चपला नेतो, जेवण कमी.

*

मी रांगेच्या दुसऱ्या बाजूचा. परभणी जिल्ह्यातला. २०१७ साली आईला घेऊन मुंबईला आलो. तोंडाचा कॅन्सर, रेडिएशनचे ३५ शेक सांगितले. लोक विचारतात, दवाखान्यात भरती का नाही झालात? शेक रोज दहा-पंधरा मिनिटांचा, त्यासाठी भरती करून घेत नाहीत. सोमवार ते शुक्रवार पाच, म्हणजे सात आठवडे मुंबईत राहायचं. खोलीचं भाडं विचारलं आणि गप बसलो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, पण तिसऱ्या आठवड्यात. तोवर फुटपाथ.

घरी तीन एकर सोयाबीन. आमच्याच दारातून कोणी उपाशी गेलेलं नाही. पहिल्या दिवशी रांगेत गमचा तोंडावर ओढून उभा राहिलो, गावाकडचं कोणी दिसेल म्हणून. पाकीट हातात आलं तर देणारा ते सोडीना. "जरा इकडं बघा." फोटो. मी बघितलं, भूक होती. तो फोटो कोणाकोणाच्या मोबाईलवर गेला असेल, हे अजून मधेच मनात येतं.

आईला गिळता येत नव्हतं. पोळी तर नाहीच, भातसुद्धा नाही. जवळ एक ज्यूसवाला होता. त्याला एकदा भीत भीत विचारलं, वरणभात मिक्सरमधून काढून देता का. पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाला, "अकराच्या आत आणत जा, मग गिऱ्हाईक वाढतं." पुढं रोज अकराच्या आत गेलो. तो काही वाटप करणारा नव्हता, म्हणून त्याची आठवण मुद्दाम लिहितोय.

आई बरी आहे. तिखट अजून चालत नाही.

*

ठाणे. आम्ही वाटप बंद केलं, तेही लिहितो. लग्नात उरलेलं जेवण रात्री अकराला उचलायचो. एकदा पनीर आंबलं होतं, अंधारात कळलं नाही, दोन लहान मुलांना जुलाब झाले. त्यानंतर शिजवून चार तास उलटलेलं काही घ्यायचं नाही, आधी आपण चाखायचं, असं ठरवलं. पण पितृपक्षात आणि अमावस्येला एकेका चौकात पाच-सहा गाड्या, अर्धवट खाल्लेली पाकिटं गटारात, हे बघून मन उडालं. शिवभोजन २६ जानेवारी २०२० ला सुरू झालं, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. मार्चमध्ये पाच रुपये केले. आमच्या भागातलं केंद्र चालू होतं तोवर तिथे महिन्याचे पैसे आगाऊ भरून ठेवायचो. ज्याच्याकडे पाच रुपये नाहीत तो बाकड्यावर बसून, ताटात जेवायचा. मला तेच जास्त पटलं.

*

लंडन, स्ट्रँड. शीख मंडळींच्या गाडीवर चहा ओततो. पहिल्याच दिवशी एका सरदारजींनी सांगितलं, साखर किती हे प्रत्येकाला विचारायचं, अंदाजानं घालायची नाही. एकजण चार चमचे घेतो. डिसेंबरमध्ये त्याला पाच लागतात.

*

परभणीकर, तुमचं वाचून काल आमच्या चौघांत बोलणं झालं. इतक्या महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं की गिळता कोणाकोणाला येतं. हँड ब्लेंडर घेतलाय. प्रश्न विजेचा आहे. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे प्लग आहे, मंगळवारी त्याला विचारतो. अकराच्या आत.