बुलेट पिकअपमध्ये चढवताना फळी किती लांब असावी आणि गाडी कशी बांधावी?

घाटवाट:

नमस्कार. बदलीमुळे पुढील आठवड्यात पुण्याहून चिपळूणला बिऱ्हाड हलवायचे असून, पावसात खंबाटकी आणि कुंभार्ली हे दोन्ही घाट चालवत जाण्याची तयारी नसल्याने माझी क्लासिक ३५० ही बुलेट सामानाच्या पिकअपमधूनच न्यायची आहे. फाळका उघडल्यावर हौद्याचा तळ जमिनीपासून अडीच फूट उंच भरतो, हे मी स्वतः मोजले आहे. पिकअपवाल्याचे म्हणणे असे की, फळी लावू, दोघे मिळून ढकलू, पाच मिनिटांचे काम आहे. त्यावर विश्वास बसत नाही, कारण गेल्या वर्षी मित्राची गाडी सेंट्रिंगच्या पाचफुटी फळीवरून चढवताना पुढचे चाक हौद्यात पोहोचले, हँडल धरलेला मित्र मात्र खाली जमिनीवरच राहिला. त्याने पुढचा ब्रेक घट्ट दाबूनही गाडी मागे घसरली आणि माझ्या नडगीवर आली. फळी कशी असावी, इंजिन सुरू ठेवावे की बंद, आणि स्टँडवर उभी करून बांधावी की कसे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

जुना मिस्त्री:

आपल्या मित्राची चूक ब्रेकमध्ये नव्हती, फळीमध्ये होती. अडीच फूट उंचीला पाचफुटी फळी लावली की चढ ३० अंशांचा होतो, आणि १९५ किलोंची गाडी त्यावर नुसती थोपवून धरायलाही सुमारे ९७ किलोंचा जोर लागतो. तीच फळी आठ फुटांची घेतली तर चढ १८ अंशांवर येतो आणि जोर ६१ किलोंपर्यंत उतरतो. दोन माणसांच्या आवाक्यातले काम तिथून सुरू होते.

ब्रेकचे म्हणाल तर चढावर गाडीचा भार मागच्या चाकाकडे सरकतो, त्यामुळे पुढचे चाक जाम केले तरी ते ओल्या लाकडावरून तसेच घसरत येते. म्हणून इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकावा आणि क्लच दाबून ढकलावे. गाडी मागे येते आहे असे वाटताक्षणी क्लच सोडला की मागचे चाक इंजिनाच्या दाबाने अडते. हाताला ही सवय व्हावी म्हणून आधी सपाट जागेवर दोन-चार वेळा करून पाहावे.

आता मुख्य गोष्ट, जिच्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. गाडीच्या चाकांसाठी फळी लावतात, पण हँडल धरणाऱ्या माणसाच्या पायांसाठी कोणीच काही लावत नाही. त्याला गाडीच्या डाव्या बाजूने तिच्याबरोबरच वर जाता आले पाहिजे, नाहीतर ऐन वेळी तो अडीच फूट खाली असतो आणि हँडल त्याच्या डोक्याशी असते, जे तुमच्या मित्राचे झाले. त्याच्यासाठी शेजारी दुसरी रुंद फळी लावा. दोन्ही फळ्या हौद्याला दोरखंडाने बांधाव्यात, कारण चाकाच्या रेट्याने फळी मागे सरकून निसटते. पिकअपला हँडब्रेक लावून, गिअरमध्ये ठेवून, चाकांना दगड लावावेत. सेंट्रिंगच्या फळीला गाठी किंवा चीर असेल तर ती वापरूच नका.

कोल्हापूरचा स्वार:

मिस्त्रींशी बहुतांशी सहमत आहे, परंतु दोघेच असाल तर इंजिन सुरू ठेवून, शेजारून चालत, अर्ध्या क्लचवर गाडी वर नेणे मला अधिक सोपे वाटते. फक्त फळी बांधलेली नसेल तर हा प्रकार अजिबात करू नये. मागचे चाक जोर लावून फळीलाच मागे फेकते. आणि गाडीवर बसून चढवण्याचा पराक्रम कोणी सुचवला तर ऐकू नका, कारण वर पोहोचल्यावर पाय टेकायला दोन्ही बाजूंना काहीच नसते.

बांधणीबाबत सांगायचे तर साध्या दोरीऐवजी चार रॅचेट पट्टे (खटक्याने ताणून घट्ट करायचे) घ्या. पुढचे चाक केबिनमागच्या पत्र्याला मध्ये दुमडलेले गोणपाट ठेवून टेकवा, स्टँड वर करून गाडी सरळ उभी ठेवा, पुढचे दोन पट्टे खालच्या टीपासून (हँडलखाली दोन्ही शॉकअप जोडणारा आडवा भाग) पुढे आणि बाहेरच्या दिशेने ओढा. पुढचे शॉकअप साधारण निम्मे दबले की थांबावे. पूर्ण दाबून ठेवले तर ऑइल सीलवर ताण येतो, आणि सैल ठेवले तर पहिल्याच खड्ड्यात शॉकअप दबताच पट्ट्याचा हूक सुटतो. मागचे दोन पट्टे गाडी आडवी सरकू नये एवढ्यापुरते. हँडलच्या टोकांना काहीही बांधू नये. साइड स्टँडवर झुकवून बांधायची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते, पण घाटातल्या प्रत्येक वळणावर सगळा भार त्या एका स्टँडवर येतो, म्हणून मला ती पटत नाही.

खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडला की सुरक्षित जागी थांबून पट्टे पुन्हा ताणा. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरांत ते हमखास सैल होतात.

लाल माती:

एक प्रश्न राहिला आहे: चिपळूणला गाडी उतरवणार कशी? उतरवताना ती मागे मागे येते, भार पुन्हा मागच्या चाकावरच असतो, म्हणून क्लचची तीच युक्ती लागते. पण घरापुढे जांभ्याचा ओटा किंवा अडीच फुटांच्या आसपासचा मातीचा उंचवटा असेल तर पिकअप त्याला मागून लावा, फळीचे काम जवळपास संपते. तसेच गाडी धरायला हौद्यात माणूस बसवू नका. पट्टा तुटला तर १९५ किलो त्याच्याच अंगावर येतात.

घाटवाट:

सर्वांचे आभार. आठफुटी दोन फळ्या आणि चार पट्टे आज आणले. पिकअपवाल्याला पायांची फळी दाखवली तेव्हा तो आधी हसला, मग म्हणाला की त्याच्याही पायावर एकदा गाडी पडली होती. चिपळूणच्या घरापुढे ओटा आहे, पण तो दीड फुटाचाच असल्याने उरलेल्या एका फुटासाठी फळ्या सोबत घेतो आहे.