शाळेत मुलांची कोव्हिड टेस्ट: संमतीच्या फॉर्मवर सही करावी का? (इंग्लंड)

पारिजात_स्लाव
२ मार्च २०२१

नमस्कार मंडळी, इंग्लंडमधल्या पालकांकडून सल्ला हवाय, बाकीच्यांनीही सांगा. ८ मार्चला शाळा उघडताहेत आणि मुलाच्या सेकंडरी स्कूलकडून (इयर ८ ला आहे, वय १२) लॅटरल फ्लो टेस्टचा (अर्ध्या तासात निकाल देणारी रॅपिड टेस्ट) संमतीचा फॉर्म आलाय. शाळेतच ३ टेस्ट, मध्ये ३ ते ५ दिवसांचं अंतर, आणि मग घरी किट देणार, आठवड्यातून दोनदा आपली आपण करायची. शुक्रवारपर्यंत सही करून पाठवा म्हणतात.

माझा टेस्टला विरोध नाही, आधीच सांगते. पण डोक्यात बऱ्याच गोष्टी आहेत. एक म्हणजे मुलाचा घोळणा फुटतो, हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की आठवड्याला एखाद्या वेळी तरी होतंच, मग नाकात स्वॅब घालायचा म्हणजे काय होणार. दुसरं, शाळेत टेस्ट कोण करणार, नर्स असते का? तिसरं, पॉझिटिव्ह आली तर सगळ्यांसमोर त्याला वर्गातून उठवून नेणार का, तो फार लाजाळू आहे आणि आधीच वर्षभरात मित्र तुटलेत त्याचे. आणि फॉर्मवर जन्मतारीख, पत्ता, एथ्निसिटी, मोबाईल सगळं मागितलंय ते कुठे जातं?

नाशिकहून सासूबाईंचे रोज फॉरवर्ड येताहेत, स्वॅब मेंदूपर्यंत जातो, त्यावर कॅन्सरचं केमिकल लावलेलं असतं वगैरे. मला माहितीये त्यातलं बरंचसं खरं नसणार पण उत्तर काय द्यायचं ते मात्र सुचत नाही. नवरा म्हणतो करून टाक सही, एवढा काय विचार करतेस. पण मला समजून घेऊनच सही करायचीये.

मनवा_हॅरो
२ मार्च २०२१

अगं बरं झालं विचारलंस. मी जानेवारीपासून आमच्या इथल्या एका शाळेत टेस्टिंगला व्हॉलंटियर म्हणून जातेय (तेव्हा की वर्कर्सची, म्हणजे अत्यावश्यक सेवेतल्यांची मुलं आणि स्टाफ यांच्या टेस्ट चालू होत्या) तर प्रत्यक्ष काय होतं ते सांगते.

नर्स नसते. आम्हाला ऑनलाईन ट्रेनिंग असतं, शेवटी परीक्षा पण असते. पण मुख्य म्हणजे स्वॅब मूल स्वतःच घेतं, आम्ही हात लावत नाही, फक्त समोर उभं राहून सांगतो. स्पोर्ट्स हॉलमध्ये टेबलं लावलेली असतात, मध्ये पार्टिशन, टेबलावर छोटा आरसा, टिश्यू, सॅनिटायझर. मूल नाक शिंकरतं, हात साफ करतं, मास्क खाली घेतं, आरशात बघून आधी दोन्ही टॉन्सिलवर स्वॅब फिरवतं आणि मग तोच नाकात. घशाचा भाग मुलांना जास्त नकोसा वाटतो, उबळ येते, डोळ्यात पाणी येतं, म्हणून आधी अर्धा तास काही खायचं प्यायचं नाही. नाकात साधारण अडीच सेंटिमीटरच आत जातो, मेंदूबिंदू काही नाही. मग स्वॅब खिडकीसारख्या फटीतून पलीकडे देतात, तिथे नळीत पिळून कार्डावर दोन थेंब टाकतात, कार्डावर वेळ लिहितात आणि ३० मिनिटांनी बघतात. सी पुढे रेघ म्हणजे निगेटिव्ह, सी आणि टी दोन्हीपुढे असेल तर पॉझिटिव्ह.

घोळण्याचं फॉर्मवर लिहूनच दे. गेल्या २४ तासांत नाकातून रक्त आलं असेल तर टेस्ट करायची नाही असं सूचनांमध्येच आहे, एकाच बाजूने येत असेल तर दुसऱ्या नाकपुडीतून घेता येतं. आणि त्याने त्या दिवशी स्वतः सांगायला हवं, आपण तिथे नसतो ना, तेवढं घरी बोलून ठेव.

वर्गातून उठवून न्यायचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो शाळेशाळेवर आहे. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात रिसेप्शनवाली दारात येऊन नाव पुकारायची आणि अख्खा वर्ग वळून बघायचा, मग आम्ही आठ-दहा जणींनी सांगून ते बदलून घेतलं, आता बाकीच्या कामांसाठी पण मुलांना अधूनमधून बोलावतात त्यामुळे कळत नाही कोणाला कशासाठी नेलं. तू शाळेला ईमेल करून सरळ विचार.

मिल्टन_कीन्सकर
३ मार्च २०२१

मी वेगळं मत मांडतो. दोन मुली आहेत माझ्या, इयर ७ आणि इयर १० ला, आणि आत्ता तरी मी सही करणार नाहीये. कोव्हिड खोटा आहे वगैरे म्हणणारा मी नाही, माझे मामा गेले त्यात सप्टेंबरमध्ये सांगलीला.

माझी अडचण पॉझिटिव्ह आल्यावर काय होतं ही आहे. घरी केलेली टेस्ट पॉझिटिव्ह आली तर पीसीआर (लॅबमध्ये होणारी जास्त अचूक टेस्ट) करून खात्री करायची असं आहे, पण शाळेत देखरेखीखाली केलेली पॉझिटिव्ह आली की तीच अंतिम, नंतर पीसीआर निगेटिव्ह आली तरी १० दिवस मूल घरात, आपण सगळे घरात आणि वर्गातले जवळचे कॉन्टॅक्ट पण घरात. मी काँट्रॅक्टवर आहे, कामावर गेलो नाही तर पैसे नाहीत. ज्यांना पगारी रजा आहे त्यांना हे समजत नाही हो. एका चुकीच्या रेघेवर तीस मुलांच्या घरचं गणित बिघडतं आणि त्यावर अपील कुठेच नाही, हे मला पटत नाही.

आणि पारिजातताई, एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, टेस्ट ऐच्छिक आहे. संमती दिली नाही म्हणून मुलाला शाळेत येऊ देणार नाही असं शाळा करू शकत नाही, सरकारी गाईडलाईनमध्ये स्पष्ट आहे. आमच्या शाळेच्या पत्रात ते वाक्य तिसऱ्या पानावर होतं आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरात ‘आम्ही सर्व पालकांकडून संमतीची अपेक्षा करतो’. याला मी संमती मागणं म्हणत नाही.

सूक्ष्मदर्शी (नागपूर)
३ मार्च २०२१

मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये आहे, मार्च २०२० पासून आरटीपीसीआरच करतोय.

सासूबाईंसाठी आधी. ते केमिकल म्हणजे इथिलीन ऑक्साईड. तो वायू आहे, त्याने स्वॅब निर्जंतुक करतात, नंतर तो काढून टाकतात आणि किती अंश राहिलेला चालेल याची मर्यादा ठरलेली असते. तो कारखान्यात श्वासातून वर्षानुवर्षं गेला तर घातक हे खरं, फॉरवर्डमध्ये तेवढंच उचललंय. सिरिंज, सलाईनचे सेट, कॅथेटर यातलं कितीतरी सामान त्यानेच निर्जंतुक होतं. त्यांचं ऑपरेशन वगैरे झालं असेल तर तेव्हाही तेच वापरलं गेलं असणार, असं सांगून बघा.

आता मिल्टन_कीन्सकर यांचा मुद्दा. खोटं पॉझिटिव्ह फार कमी येतं, हजारात एखादं किंवा त्याहूनही कमी. पण गाव निरोगी होत जाईल तसं आलेल्या पॉझिटिव्हपैकी खोट्यांचा वाटा वाढतो. म्हणजे समजा हजार मुलांत खरी लागण झालेली पाच आहेत आणि टेस्टने त्यातली तीन पकडली, तर चारातली एक रेघ खोटी निघू शकते. लागण झालेलं एकच मूल असेल तर दोनातली एक. म्हणून पीसीआरने खात्री करा ही त्यांची मागणी शास्त्राला धरून आहे, तुमच्याकडचे बर्मिंगहॅमचे प्राध्यापक जॉन डीक्स वगैरे संख्याशास्त्रज्ञ शाळांतल्या या टेस्टवर टीका करताहेत ती वाचा.

उलट बाजूही बघा आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची. लिव्हरपूलला नोव्हेंबरमध्ये लक्षणं नसलेल्या लोकांवर हीच इनोव्हा कंपनीची लॅटरल फ्लो टेस्ट वापरली तेव्हा पीसीआरने सापडलेल्यांपैकी साधारण निम्मेच तिने पकडले, ज्यांच्यात विषाणू भरपूर होता त्यांच्यात १० पैकी ७ च्या आसपास. म्हणजे पॉझिटिव्ह उपयोगाची, निगेटिव्हवर विसंबू नका. निगेटिव्ह आली म्हणून मूल आजीला मिठी मारायला मोकळं झालं असं मुळीच नाही. खोकला, ताप, वास गेलाय, यातलं काहीही असेल तर सरळ पीसीआर, तिथे लॅटरल फ्लो चालतच नाही.

आणि डीएनए वगैरे कोणी साठवत नाही. कार्ड तिथेच कचऱ्यात जातं, लॅबला काही जात नाही. बारकोडवर निकाल नोंदला जातो आणि तो एनएचएसच्या (तिकडची सरकारी आरोग्यसेवा) टेस्ट अँड ट्रेसकडे, म्हणजे टेस्ट आणि कॉन्टॅक्ट शोधण्याचं काम बघणाऱ्या विभागाकडे जातो, माहिती जाते ती एवढीच. ती किती दिवस ठेवणार हे शाळेच्या प्रायव्हसी नोटिशीत असायला हवं, नसेल तर मागायचा हक्क आहे तुम्हाला.

व्हिएन्ना_मराठी
४ मार्च २०२१

तुमच्याकडे निदान ऐच्छिक आहे. ऑस्ट्रियात टेस्ट नाही तर शाळा नाही. ८ फेब्रुवारीपासून व्हिएन्नात शाळा सुरू झाल्या, प्रायमरीच्या मुलांची पण वर्गात बसून टेस्ट, १४ वर्षांखालच्यांना पालकांची लेखी संमती लागते आणि ती दिली नाही तर मूल घरून ऑनलाईन. कागदावर संमती म्हणायचं, पण नाही म्हटलं तर मुलाची शाळाच जाते.

तरी मी सही केली आणि मला त्याचा त्रास नाही झाला, कारण इथे स्वॅब फक्त नाकपुडीच्या तोंडाशी फिरवायचा असतो, घशात नाही. माझी मुलगी ७ वर्षांची आहे, आता स्वतः टायमर लावते. पण तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईने नाही म्हटलं आणि तो अजून घरीच आहे, मुली रोज विचारतात तो का येत नाही. त्याच्या आईला लोक जे बोलतात ते मला ऐकवत नाही.

गुरुजी_सातारा
४ मार्च २०२१

मी जिल्ह्यातल्या एका हायस्कूलवर शिक्षक आहे. आपल्याकडे २३ नोव्हेंबरला नववी ते बारावी सुरू झाली तेव्हा आरटीपीसीआर आम्हा शिक्षकांना सक्तीची होती, मुलांची टेस्ट नव्हती, मुलांकडून पालकांचं संमतीपत्र घ्यायचं होतं शाळेत पाठवण्याबद्दल. ती पत्रं मीच गोळा केली. बहुतेकांनी वाचलंच नाही, ‘गुरुजी कुठं सही करायची तेवढं दाखवा’. काही शाळांनी तर ‘काही झाल्यास जबाबदारी पालकांची’ अशी ओळ त्यात टाकली होती, ते मला अजिबात पटलं नाही, संमती म्हणजे शाळेने अंग काढून घ्यायचा कागद नव्हे. म्हणून या ताई सही करायच्या आधी एवढं विचारताहेत हे पाहून फार बरं वाटलं. शाळेला विचारा, शिक्षकांना राग येत नाही, उलट आमचाही विचार होतो.

अजून एक, मुलाला विचारलंत का? १२ वर्षांचा आहे, त्याच्याशी बोला.

पारिजात_स्लाव
६ मार्च २०२१

सगळ्यांना मनापासून थँक्यू. गुरुजी, काल रात्री जेवताना विचारलं त्याला. त्याचं उत्तर ऐकून मी गप्पच झाले, त्याला नाकाची, रक्ताची कसलीच भीती नव्हती, तो म्हणाला माझ्यामुळे अख्ख्या वर्गाला घरी बसावं लागलं तर सगळे माझा राग करतील. एवढं मनात घेऊन फिरत होता. मग आम्ही दोघं बराच वेळ बोललो, आजार झाला म्हणजे कोणी गुन्हा केला नाही, आणि टेस्ट नाही केली तरी आजार असेल तर तो असतोच.

शाळेला ईमेल केला. घोळण्याचं लिहिलं, त्यांनी त्याच्या नावापुढे नोंद केलीये. निकाल सांगताना नाव पुकारू नका म्हटलं तर डेप्युटी हेडचा फोन आला, म्हणाल्या असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच, आम्ही दुपारच्या सुट्टीच्या वेळी सांगायचं बघतो. माहिती किती दिवस ठेवणार त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, परत विचारणार आहे. सही केली, पण त्याला सांगून ठेवलंय की त्या दिवशी नको वाटलं तर नाही म्हणायचं, मी सही केली म्हणून करायलाच पाहिजे असं नाही.

मनवा_हॅरो
६ मार्च २०२१

बरोबर सांगितलंस. मूल नको म्हणालं तर आम्ही करत नाही, आई-बाबांची सही असली तरी. १६ च्या पुढची मुलं तर स्वतःच सही करतात.

मिल्टन_कीन्सकर
१ एप्रिल २०२१

धागा वर आणतोय कारण नियम बदललाय. आता शाळेतली असो की घरची, लॅटरल फ्लो पॉझिटिव्ह आली की पीसीआर करायची आणि ती वेळेत करून निगेटिव्ह आली तर आयसोलेशन संपलं. हेच तर मागत होतो. मोठीच्या फॉर्मवर काल सही केली, ईस्टरच्या सुट्टीत घरी आठवड्यातून दोनदा करेल. धाकटीला घशात स्वॅब घालणं सहनच होत नाही, एकदा घरी करून बघितलं तर रडायला लागली, तिच्यासाठी सध्या नाही कळवलंय आणि शाळेने एका शब्दाने विचारलं नाही. सूक्ष्मदर्शी, फक्त नाकातून घ्यायची टेस्ट इथे मिळण्यासारखी आहे का, काही माहिती असेल तर लिहा.