ओव्याच्या तेलाने ट्रिप्सिन (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) थांबतं का? रीडिंग उलटं येतंय

सोलापुरात एमएस्सी बायोकेम करतेय. मंगळवार पेठेतून ओवा आणून क्लेव्हेंजरवर (वाफेने तेल काढायचं काचेचं उपकरण) तेल काढलं, आता केसीन (दुधातलं प्रथिन) आणि ट्रिप्सिन घेऊन, पीएच ८, ३७ डिग्रीला टेस्ट करतेय, ट्रिप्सिनने केसीन तोडलं की सुटलेल्या टायरोसिनमुळे फोलिन हे रसायन निळं होतं, पण तेल टाकलं की तो निळा रंग कमी व्हायच्या ऐवजी वाढतोच. म्हणजे तेल एन्झाइमला मदत करतंय का?

उत्तर १: नाही गं, ओव्यात थायमॉल असतं आणि ते फिनॉल, लवंगेतलं युजेनॉलपण तसंच. फोलिन कुठल्याही फिनॉलला रंग देतो, टायरोसिन असो की थायमॉल त्याला फरक नाही. फोलिन न घालता थेट २८० नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला ते मोजलंस तरी तीच बोंब. तेल आहे पण एन्झाइम नाही असा ब्लँक प्रत्येक डोसला लाव, नाहीतर सरळ अ‍ॅझोकेसीन (रंग जोडलेलं केसीन) घे, ते ४४० नॅनोमीटरला वाचतात, तिथे थायमॉल मध्ये येत नाही.

उत्तर २: ताईंचं बरोबर आहे. अजून एक, तेल पाण्यात मिसळत नाही, इथेनॉलमध्ये विरघळवून टाकलंस तर तेवढंच इथेनॉल कंट्रोलमध्येपण हवं. ट्यूब उजेडात धर, दुधट दिसली तर थेंबांवर एन्झाइम चिकटून खोटा निकाल येऊ शकतो, थोडं ट्रायटन (साबणासारखं डिटर्जंट) घालून परत बघ, अडवणं गायब झालं तर ते बहुतेक खरं इन्हिबिशन (एन्झाइम अडवणं) नव्हतंच.