बडोद्यात रविवार कुठे द्यावा? आपल्याच धंद्यातलं काम की अगदी वेगळं काहीतरी?

सांगलीची_लेक

नमस्कार मंडळी. मी सीए आहे, वय ४१, लग्न होऊन बडोद्यात आले त्याला चौदा वर्षं झाली, अकोट्याला राहतो. खरं सांगते, या चौदा वर्षांत घर, ऑफिस, मुलाची शाळा आणि कधीमधी कमाटीबाग एवढंच बडोदं मला माहीत होतं. ११ तारखेला एक रिटर्न, २० ला दुसरं, मग जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत ऑडिट, वर्ष कसं जातं कळतच नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचे काका-काकू तीन रात्री आमच्याकडे राहिले. चौदा पायऱ्या खाली राहणारी माणसं आणि मला त्यांचं आडनावसुद्धा धड माहीत नव्हतं, याची तेव्हा फार लाज वाटली. नंतर येणंजाणं वाढलं. मागच्या हिवाळ्यात काका गेले. तेराव्यानंतर काकू एक प्लास्टिकची पिशवी घेऊन वर आल्या, आत अकरा एफडीच्या पावत्या, त्यातल्या तीनवर नॉमिनीच नाही आणि एकीवर काकांच्या आईचं नाव, ज्या कधीच्याच वारल्यात. काकूंनी आयुष्यात कधी बँकेचा फॉर्म भरला नव्हता, सही करताना हात थरथरायचा म्हणून प्रत्येक सही वेगळी यायची. सगळं मार्गी लागायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत जे समाधान मिळालं ते मला ऑफिसात इतक्या वर्षांत मिळालं नाही.

म्हणून वाटतंय की दर रविवारी दहा ते बारा सोसायटीच्या हॉलमध्ये बसावं, आसपासच्या म्हाताऱ्या माणसांचे कागद बघून द्यावेत, फुकट. पण नवरा म्हणतो सोमवार ते शनिवार तू तेच करतेस, रविवारी पण तेच केलंस तर दिवाळीपर्यंत कंटाळशील, त्यापेक्षा गाणं परत सुरू कर. (सांगलीला गाण्याच्या मध्यमा पूर्ण परीक्षेपर्यंत शिकले होते, लग्नानंतर सुटलं ते सुटलंच.) दोन्ही पटतंय आणि वेळ एकाच गोष्टीला आहे. इथल्या लोकांनी काय केलं, सांगाल का?

जुना_दांडियाबाजार

ताई, माझं वय ७३, बँकेतून रिटायर झालो, जन्म दांडिया बाजारातला. तुमची ती पिशवी वाचून पोटात कालवलं, कारण काउंटरच्या पलीकडे बसून मी अशा पिशव्या शेकड्यांनी बघितल्यात आणि रांग मोठी असायची म्हणून प्रत्येकाला दहा मिनिटं देता आली नाहीत. ते अजून टोचतं.

माझं मत सरळ आहे, जे येतं तेच द्यावं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला तो त्याच्या विषयात पक्का होता म्हणूनच, आणि त्याने इथे तेच केलं जे त्याला येत होतं, ग्रंथालयांची घडी बसवून दिली. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवायचे, वाचक पेटीपर्यंत येत नसेल तर पेटी वाचकापर्यंत गेली पाहिजे हा त्यातला विचार. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी तुम्ही आतून बघितली नसेल तर आधी ती बघा, लोखंडी मांडण्या आणि मजल्यांना काचेच्या फरशा, वरचा उजेड खालपर्यंत यावा म्हणून. मी लहानपणी त्या काचेवर पाय टाकायला घाबरायचो.

सांगायचं हे की म्हातारी माणसं तुमच्या हॉलपर्यंत येणार नाहीत. गुडघे दुखतात, आणि दुसरं म्हणजे लाज वाटते, पैशाचं परक्याला कसं दाखवायचं. तुम्हालाच त्यांच्या ओटल्यावर जावं लागेल. सुरुवातीला कागदाचा विषयच काढू नका, चहा घ्या. दुसऱ्या तिसऱ्या रविवारी ते स्वतःच कपाट उघडतील. २०१८ च्या फेब्रुवारीत ९१ वं साहित्य संमेलन आपल्याकडे झालं तेव्हा मी पाहुण्यांना वाट दाखवायला उभा होतो, चार दिवसांत जितक्या बडोदेकरांशी बोललो तितक्यांशी नोकरीच्या चाळीस वर्षांत बोललो नव्हतो. माणसं बोलायला तयार असतात हो, कुणी थांबून विचारत नाही.

विश्वामित्रीकाठ

मी काकांशी थोडा असहमत आहे, राग मानू नका काका. मी मकरपुऱ्याला एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहे, वय ३३. आधी मी पण हेच केलं, एका संस्थेला रविवारी ड्रॉइंग करून द्यायचो, सहा महिन्यांत असं झालं की शनिवारी रात्रीच डोकं जड व्हायचं, कारण शरीराला कळतच नव्हतं की सुट्टी कधी आहे. शेवटी मी न सांगता जाणं बंद केलं, आणि ते चुकीचं केलं, माझ्या भरवशावर असलेलं त्यांचं काम अडलं.

मग एका मित्राने वस्तीत आलेल्या मगरी सोडवण्याच्या कामाला नेलं. शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत एवढ्या मगरी राहतात हे बाहेरच्यांना सांगितलं तर विश्वास बसत नाही, आपल्याला मात्र काळा घोडा पुलावरून वाकून बघायची सवय. पहिले कितीतरी महिने मी फक्त गर्दी मागे ठेवायचं काम केलं. मगर पकडणं हे बघ्यांना वाटतं तसं नाहीच, तिच्या जबड्याची मिटायची ताकद भयंकर पण उघडायची फार कमी, म्हणून तोंड बांधलं आणि डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकलं की ती शांत होते. शांत होत नाहीत ती आजूबाजूची माणसं. आणि हे वनखात्याबरोबर आणि शिकलेल्या लोकांबरोबरच करायचं, ती वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल वन मधली, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीतली आहे, स्वतःहून हात लावणं धोक्याचंही आणि गुन्हाही.

मला यातून काय मिळालं, तर ऑफिसात मी सगळ्यात जास्त बोलणारा होतो आणि इथे मला काहीच येत नव्हतं. पुन्हा शिकाऊ होणं हे माझ्यासाठी फार मोठं होतं. आता टीममधला नवीन मुलगा चुकला की मी आधी त्याचं ऐकून घेतो. तुम्ही लगेच मगरींकडे या असं म्हणत नाही, पण ज्यात तुम्ही तज्ज्ञ नाही असं काहीतरी धरा. गाणं त्यात बसतं का? तुम्हालाच माहीत.

वही_खाते_बडोदा

मी पण सीए, रावपुऱ्यात ऑफिस आहे, हे काम चार वर्षं करतोय. करायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण केलंत तर हे आधी ऐका, कारण यात चांगुलपणाने माणूस अडकतो.

कुणाचाही पासवर्ड लिहून घेऊ नका, ओटीपी त्यांनी स्वतः टाकायचा, मूळ पावती घरी न्यायची नाही, फोटोसुद्धा त्यांच्याच फोनमध्ये काढायचा. एकदा एका आजींची मूळ पावती मी "उद्या देतो" म्हणून घेऊन आलो आणि ऑफिसच्या फायलींत गेली, सापडेपर्यंतचे दोन दिवस मला झोप नव्हती आणि त्यांनी मुलाला फोन केला होता. चूक पूर्ण माझी. तेव्हापासून नियम म्हणजे नियम. आणि बॅनर लावलात तर फर्मचं नाव नको, आपल्या सीएंच्या १९४९ च्या कायद्यात कामासाठी लोकांना ओढणं हे गैरवर्तन आहे, हे तुम्हालाही माहीत आहे पण सोसायटीवाले प्रेमाने छापून टाकतात. तिथे भेटलेल्या माणसाचं काम फी घेऊन करायचं नाही हेही मी पाळतो.

रिटर्न भरून देण्याच्या भानगडीत पडू नका, ते बाहेर कुणीही करून देतं. खरी गरज आहे ती बारक्या गोष्टींची. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला, ऐंशीच्या पुढच्या केंद्र सरकारच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. म्हाताऱ्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही, माणूस तीन तीन खेपा घालतो, तिथे फोनवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला, काढून दिला की पाच मिनिटांत होतं. दुसरं नॉमिनी. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे घेणारा, हे नीट समजावून सांगा, यावरून भावंडांत भांडणं होतात. तिसरं विसरलेले पैसे, दहा वर्षं हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते पण हक्क जात नाही, रिझर्व्ह बँकेच्याच उद्गम पोर्टलवर नाव टाकून बऱ्याच बँकांमधलं एकदम शोधता येतं.

महिन्यातून दोनच रविवार ठेवा. आणि सप्टेंबरमध्ये सरळ बंद, पण महिनाभर आधी सांगून.

काळी_चार

अगं, मी फिजिओथेरपिस्ट, वय ४६, मी फक्त गाण्याबद्दल लिहिते कारण बाकी सगळ्यांनी ते बाजूला टाकलं!

सतरा वर्षांनी मी परत तानपुरा लावला तेव्हा आवाजच निघेना. पूर्वी काळी पाचमध्ये (पेटीची पट्टी गं) गायचे, आता एक पट्टी खाली काळी चारला आले, आणि तरी वरचा सा लावताना गळा दाटून यायचा. पहिले दोन महिने नुसता खर्ज आणि भूप, बाकी काही नाही. मला रडू यायचं की एवढं येत होतं आणि गेलं. पण गेलेलं नसतं ते, आत कुठेतरी असतं, आलाप करता करता एक दिवस बाईंनी शिकवलेली जागा आपोआप आली आणि मी थांबले, तशीच बसून राहिले. आपलं हे गाव आहे गं, १८८६ ला मौलाबक्षांची गायनशाळा इथे सुरू झाली, फैयाज खाँसाहेब इथल्या दरबारात होते, आजही युनिव्हर्सिटीच्या परफॉर्मिंग आर्ट्सच्या आवारातून संध्याकाळी गेलीस तर कुठल्यातरी खोलीतून रियाज ऐकू येतो.

गाण्याला रविवार लागत नाही. रोज सकाळी वीस मिनिटं लागतात, कुकर लावायच्या आधीची. रविवार तू त्या काकूंसारख्यांना दे. नवरा म्हणतो एकच गोष्ट कर, पण दोन्ही एका पारड्यात टाकायच्या कशाला, एक रोजची आहे आणि एक पंधरवड्याची. शेजाऱ्यांना त्रास होईल म्हणून गप्प बसू नकोस हं, आमच्या खालचे गुजराती काका आता मी गायले नाही तर तब्येत विचारायला वर येतात.

सांगलीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन आठवडे लिहिलं नाही कारण २० तारीख होती आणि मग ठरवलं की काहीतरी करूनच लिहायचं.

दांडियाबाजारच्या काकांचं ऐकून हॉल घेतलाच नाही. तळमजल्यावरच्या काकूंच्या ओटल्यावर दोन खुर्च्या टाकल्या आणि काकूंनाच सांगितलं की तुमच्या ओळखीच्या कुणाला काही विचारायचं असेल तर बोलवा. पहिल्या रविवारी कुणीच आलं नाही. आम्ही दोघी लिलो चेवडो खात बसलो आणि काकू मला काकांबरोबर पावागढ चढल्याचं सांगत होत्या. दुसऱ्या वेळी समोरच्या विंगमधल्या एक बाई आल्या, ८२ वर्षांच्या, रिकाम्या हाताने, म्हणाल्या सहज आले. अर्धा तास कोथिंबिरीचे भाव. मग उठता उठता पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढला. मी हात पुढे केला तर काकू मधेच म्हणाल्या, थांब, तिचा फोन आण आधी, फोटो तिच्याच फोनमध्ये. (वही_खाते_बडोदा, तुमचे नियम मी काकूंना वाचून दाखवले होते, त्यांनी ते माझ्यापेक्षा पक्के धरलेत.) ठसे उमटत नाहीत म्हणून त्या दोनदा परत आल्या होत्या, कुणाला सांगितलं नव्हतं. चेहरा दाखवून दाखला निघाला तेव्हा त्यांनी स्क्रीनवर स्वतःचा फोटो बघितला आणि केस नीट केले.

विश्वामित्रीकाठ, तुमचं "न सांगता बंद केलं" हे मनात राहिलं. म्हणून महिन्यात दोनच रविवार, आणि सप्टेंबर बंद हे काकूंच्या दारावर आत्तापासूनच चिकटवलंय.

आणि काळी_चार, सकाळी सहाला सुरू केलंय. माझा आवाज काळी चारला पण जात नाहीये अजून, पांढरी पाचला आहे. मुलगा पहिल्या दिवशी दारात उभा राहून विचारत होता की आई तुला हे येतं हे तू मला कधी सांगितलंच नाहीस. गुरू कुठे शोधू ते मेसेजमध्ये कळवशील का? अकोट्याहून मला संध्याकाळी सातनंतरच जमेल.