सरपणाच्या मोळीला किती द्यावेत?

रिकामटेकडा
निवृत्तीनंतर सुधागड तालुक्यातल्या जुन्या घरी राहायला आलोय. अंघोळीला आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब, आणि सौ.ला भाकरी चुलीवरचीच लागते. गॅस आहे, पण चहापुरता. वरच्या वाडीतली एक कातकरी बाई आठवड्याला एक मोळी आणून देते. काल तिनं दीडशे मागितले. मी शंभरावर अडून बसलो, शेवटी एकशेवीसला सौदा तुटला. तिनं पैसे कनवटीला लावले, चुंबळ झटकली आणि न बोलता निघून गेली. मग राहवेना, मोळी काट्यावर घातली. २४ किलो भरली, म्हणजे किलोला पाच रुपये. वखारीत फोडलेली बाभूळ आठ रुपयांनी मिळते. मी लुबाडलं का तिला?

आकडेमोड
नाही. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. साध्या चुलीत लाकडाची बहुतेक धग वाऱ्यावर जाते, त्यामुळे एका सिलिंडरचं काम करायला ढोबळमानाने दोनशे किलो सुकं लाकूड लागतं. सिलिंडर नऊशेला धरला तरी किलोमागे साडेचार रुपये पडले. २४ किलोचे १०८ झाले. तुम्ही बारा रुपये जास्तच मोजलेत, शांत झोपा.

कोयती
माझी आई मोळ्या विकायची. जवळचं रान कधीच झडून गेलेलं, म्हणून अंधारात निघायचं, तास-दीड तास चढायचं. वाळकी फांदी कुठे आहे ते हेरायचं, तोडायचं, वेलाने आवळून बांधायचं. उतरताना ओझं टेकवायला दोन दगड ठरलेले होते, खांद्याएवढे. तिथे मोळी टेकली की खाली न वाकता परत डोक्यावर घेता येते. जमिनीवर टाकली तर उचलून द्यायला दुसरं माणूस लागतं.
रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ ला ३१२ रुपये होती. मोळीला पाऊण दिवस जातो, म्हणजे २३४. दीडशे मागितले तेव्हाच तिनं ऐंशी रुपये सोडले होते, काका. आणि एकशेवीसला "तुटला" म्हणता, तर तो का तुटला? तुमच्या दारातून ते ओझं परत कुठे नेणार होती ती?

आकडेमोड
कष्टावर भाव ठरत असेल तर मी उद्यापासून नदीतले धोंडे डोक्यावर आणून विकतो, घ्याल का? घेणाऱ्याला वस्तूचा उपयोग किती, यावरच भाव ठरतो.

कोयती
धोंड्याने बंब पेटत नाही. आणि उपयोगच मोजायचा तर काकांकडे गॅस असून ते लाकूडच मागतात, ती हौस तुमच्या हिशोबात आली का?

वखारीतला
वखारीचे आठ आणि मोळीचे पाच अशी तुलना करू नका. आमची गाडी ओली येते. तीन-चार महिने पडून राहिली की वजन तिसऱ्या हिश्शाने उतरतं, ती घट आमच्या माथी. वर फोडणावळ, भाडं, हमाली. मोळीतलं लाकूड मात्र वाळकं असतं, पाण्याचे पैसे द्यावे लागत नाहीत.
फक्त जात बघून घ्या. ऐन, किंजळ असेल तर डोळे मिटून दीडशे द्या, निखारा टिकतो. पांगारा-सावर असेल तर कागदासारखं भुर्रकन जळतं. शेवगा फुकट दिला तरी घेऊ नका, नुसता धूर!

हिरवंरान
सगळे भावावर भांडताय. जास्त पैसे दिलेत तर जास्त कोयत्या रानात जातील. तो बंब विका आणि सौरबंब बसवा.

कोयती
डोक्यावर वाहणारी बाई ओलं लाकूड कशाला तोडेल? तेवढ्याच सरपणाला दीडपट ओझं होतं. ओलं तोडलेलं टेम्पोने जातं, रात्री. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपांचं लाकूड आणि बुंधेसुद्धा आहेत, एवढं वाचून या.

हिरवंरान
कायद्यात आहे म्हणून रान वाढत नाही. आमच्या गावच्या टेकडीवर आता काटक्यासुद्धा मिळत नाहीत, आणि तिथे टेम्पो कधीच चढला नव्हता.

रिकामटेकडा
काल मंगळवारी ती पुन्हा आली. ह्या वेळी घासाघीस न करता दीडशे पुढे केले, वर मागचे तीस. तीस तिनं परत दिले. म्हणाली, "मागचा सौदा मागे झाला, शेठ." मग अंगणातल्या पडवीकडे बघून तिनंच विचारलं, "आगोटीची बेगमी करायची का? करायची तर आताच बोला. मे महिन्यात दोनशेच्या खाली मी देणार नाय."
मी दहा मोळ्या सांगितल्यात, दीडशेने. सौ. म्हणते, एकशेचाळीसला मिळाल्या असत्या.

आकडेमोड
दहा मोळ्यांचे पंधराशे! अहो, दोन सिलिंडर जवळजवळ आले असते.

वखारीतला
पडवीत रचताना खाली विटा घाला. नाहीतर वाळवी आधी जेवेल.