अठरा दिवसांच्या बाळाचा पाय आत वळलेला आहे. मालिश, प्लास्टर की ऑपरेशन?

प्रश्न : बाळाचे वडील, चोपडा तालुका

आमच्या मुलाचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला आहे. तळवा दुसऱ्या पायाकडे पाहतो, टाच वर ओढलेली आहे आणि हाताने सरळ करू गेल्यास पाय अर्ध्यावरच अडतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी याला क्लबफूट म्हणतात असे सांगून जळगावला दर आठवड्याला प्लास्टर घालून घ्यायला सांगितले आहे. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशींचे म्हणणे असे की दोन महिने तेलाने दाबून चोळले तर पाय आपोआप सरळ होईल. आमच्या नात्यातील एका मुलाचे याच कारणाने वर्षाचा असताना मोठे ऑपरेशन झाले होते, पण आज तरुणपणीही त्याचा पाय ताठ आहे आणि दुखतो, त्यामुळे घरात भीती आहे. ग्रहणात बाळाच्या आईने भाजी चिरली म्हणून असे झाले, हे तिला रोज ऐकावे लागते आणि ती जेवणावरून उठून जाते. केळीच्या बागेतील कामाचा आठवड्यातून एक दिवस मोडला तरी माझी हरकत नाही, परंतु एवढ्या उन्हाळ्यात एवढ्याशा जिवाला मांडीपर्यंत प्लास्टर घालणे योग्य आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : अस्थिरोगतज्ज्ञ, धुळे

भाऊ, सर्वप्रथम बाळाच्या आईला हे वाचून दाखवा. हा दोष गर्भातच तयार होतो आणि त्याचा ग्रहणाशी, विळीशी किंवा आईच्या बसण्या-उठण्याशी काहीही संबंध नाही. साधारण हजार जन्मांमागे एका-दोन बाळांना तो असतो, मुलींपेक्षा मुलांमध्ये सुमारे दुप्पट आढळतो आणि जवळपास निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. ज्या देशांत ग्रहण कोणी पाळत नाही, तिथेही अशी बाळे जन्मतात.

काही बाळांचा पाय गर्भातील जागेमुळे नुसता मुडपलेला असतो, तो हाताने सहज सरळ होतो आणि काही दिवसांत सुधारतो. मालिशने बरे झाल्याच्या कथा बहुधा अशाच पायांच्या असतात. तुम्ही सांगता तसा अडणारा पाय चोळून सरळ होत नाही. उलट, टाच खाली येण्याआधी पुढचा पाय जोराने वर दाबला तर तो मधोमध वाकतो आणि तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो, म्हणून मावशींना दाबणे थांबवायला सांगा.

सध्या जगभर वापरली जाणारी पद्धत डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात विकसित केली. नवजात बाळाच्या पायातील बरीचशी हाडे अजून कूर्चेचीच, म्हणजे मऊ आणि लवचीक, असतात आणि त्यांना बांधणारे अस्थिबंध हळूहळू ताणता येतात. म्हणून दर आठवड्याला पाय थोडा ताणायचा, मिळालेली सुधारणा प्लास्टरमध्ये धरून ठेवायची आणि पुढच्या आठवड्यात आणखी थोडे पुढे जायचे. क्रम मात्र चुकता कामा नये. आधी तळव्याची खोल कमान सैल करतात, मग घोट्यातील टॅलस या हाडाच्या डोक्यावर अंगठा टेकवून पुढचा पाय हळूहळू बाहेर वळवतात. या वेळी टाच धरायची नसते, कारण ती मोकळी असली तरच पायाबरोबर आपोआप फिरते. बहुतेक बाळांना पाच-सहा प्लास्टर पुरतात. प्लास्टर मांडीपर्यंत आणि गुडघा काटकोनात ठेवूनच घालावे लागते, नाहीतर ते घसरते आणि पाय पुन्हा आत फिरतो.

शेवटी टाच खाली येत नसेल, आणि बहुसंख्य बाळांमध्ये ती येत नाही, तर टाचेमागची कंडरा, जिला आपण शीर म्हणतो, ती छोट्याशा छेदातून कापतात. हे बहुधा जागा बधिर करून होते, नंतर तीन आठवडे शेवटचे प्लास्टर असते आणि तेवढ्यात ती कंडरा वाढीव लांबीसह भरून येते. तुमच्या नातेवाइकाचे झाले ते हे नव्हे. त्या मोठ्या ऑपरेशनमध्ये सांध्याभोवतीचे बरेच काही मोकळे करावे लागे आणि व्रणामुळे पाय पुढे ताठ होई.

उन्हाळा जाण्याची वाट पाहू नका. प्लास्टर कोरडे ठेवा, बाळाला सावलीत व वाऱ्यावर ठेवा आणि प्रत्येक वेळी बोटे पाहा. बोट दाबून सोडल्यावर लगेच गुलाबी झाले पाहिजे. बोटे निळसर किंवा पांढरी पडली, सुजली किंवा आत सरकली तर रात्र न थांबता दवाखान्यात जा.

उत्तर : एक आई, अमळनेर

डॉक्टरांनी सांगितले त्यापुढचा भाग मी लिहिते, कारण तो घरीच घडतो आणि त्यातच आम्ही चुकलो होतो. शेवटचे प्लास्टर निघाले की बाळाला दांडीने जोडलेले बूट देतात. पहिले तीन महिने ते दिवसाचे 23 तास आणि त्यानंतर चार वर्षांचे होईपर्यंत रात्रभर व दुपारच्या झोपेत घालायचे असतात. माझ्या मुलीचा पाय इतका सुरेख दिसू लागला होता की माहेरच्या लग्नसराईत दांडी विचित्र दिसते म्हणून मी ते बूट तीन आठवडे काढून ठेवले. पाय परत आत वळू लागला आणि आम्हाला पुन्हा तीन प्लास्टर घालावी लागली.

पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडते, तेव्हा घरातील सगळे म्हणतात की आजच्या दिवस काढा. काढू नका. दोन्ही पाय एकत्र हलवायला शिकवा, दांडीला मऊ कापड गुंडाळा, पातळ सुती मोजे घाला आणि टाच बुटात खाली टेकली आहे ना, हे रोज पाहा. झोळीत दांडी नीट मावत नाही, म्हणून आम्ही झोळी सोडून खाली गोधडीवर निजवायची सवय लावली. आज ती शाळेत धावते. डावी पोटरी थोडी बारीक आहे, परंतु सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही.

उत्तर : आशा स्वयंसेविका, शहादा तालुका

खर्चाची काळजी असल्यास गावच्या आशाताईंना भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो 2013 मध्ये सुरू झाला, क्लबफूटचा समावेश आहे आणि त्यातील उपचार मोफत असतात. आमच्या डोंगरपट्ट्यातील आयांना मी प्लास्टरची तारीख भिंतीवर कोळशाने लिहून ठेवायला सांगते, कारण मजुरीला गेल्यावर आठवडा कधी उलटला ते कळत नाही.

पुन्हा : बाळाचे वडील

बाळाच्या आईला सगळे वाचून दाखवले. माझ्या आईनेही शेजारी बसून ऐकले आणि मावशींना फक्त अंघोळ घालायला सांगितले. सोमवारी पहिले प्लास्टर आहे. बाळाला भुकेले न्यावे की पाजून?

उत्तर : अस्थिरोगतज्ज्ञ, धुळे

थोडे भुकेले न्या आणि आईला सोबत घ्या. प्लास्टर घालताना बाळ दूध पीत राहिले की पाय सैल सोडते. कंडरेच्या छेदाच्या दिवशी मात्र पाजण्याबाबत तिथले डॉक्टर सांगतील तसेच करा.